उजवी टाच भरली, डावी अडून बसली : घरगुती उपायांचं एक प्रकरण

टाचांच्या भेगांवर काय लावावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही भेग कशाने पडली, हे लावण्याआधी बघणारे फार थोडे. हे प्रकरण त्याच मुद्द्यावर फिरलं, म्हणून ते सविस्तर लिहावंसं वाटलं. ज्यांची ही हकिगत आहे त्या शाळेत शिकवतात, म्हणून त्यांना इथे 'बाई' म्हटलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांच्या मुलीने वहीत नोंदी ठेवल्या होत्या आणि दर रविवारी त्याच खिडकीजवळ दोन्ही टाचांचे फोटो काढले होते. ते नसते तर हे प्रकरण इतकं नीट मांडता आलं नसतं.

पार्श्वभूमी

बाईंचं वय 51. दिवसातले पाच-सहा तास वर्गात कडक फरशीवर उभं राहणं, पायात मागून उघड्या, पातळ तळाच्या चपला आणि घरी आल्यावर अनवाणी. टाचा कोरड्या असणं त्यांना नवीन नव्हतं. कोरडी हवा सुरू झाली की रखरखीत व्हायच्या, तेल चोळलं की आठवड्याभरात ठीक व्हायच्या. या वेळी तसं झालं नाही. दोन्ही टाचांच्या कडेने पिवळट, जाड कातडी धरली, तिला चिरा पडल्या आणि त्यातल्या तीन इतक्या खोल गेल्या की सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला कळ यायची. चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा घरच्यांनी लक्ष घातलं.

भेग का पडते, हे इथेच सांगितलेलं बरं. तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतात, फक्त घामाच्या ग्रंथी असतात. अंगावरची इतर कातडी स्वतःला जे थोडं तेल पुरवते, ते टाचेला मिळत नाही. त्यात तळव्याचा वरचा मृत थर शरीरात सर्वांत जाड. आपण उभे राहिलो की टाचेखालची चरबीची गादी दाबाने बाजूंना पसरते. कातडी लवचीक असेल तर तीही तिच्यासोबत पसरते. कोरडी आणि जाड झालेली कड मात्र ताणली जात नाही, ती फाटते. चप्पल मागून उघडी असेल तर या गादीला धरून ठेवणारं काहीच नसतं, त्यामुळे ती अधिक पसरते. म्हणजे भेगेमागे तीन गोष्टी असतात: पाणी कमी, कातडी जाड आणि दाब जास्त. नुसतं तेल चोळल्याने यातली जेमतेम एक हलते.

अडचण

बाईंनी सुरुवातीला जे केलं, ते बहुतेक घरांत होतं तेच. सोसवेल तितक्या कडक पाण्यात मीठ टाकून अर्धा तास पाय बुडवायचे, अर्ध्या लिंबाने टाचा घासायच्या, पाय कोरडे झाले की वज्रीने खरवडायच्या आणि शेवटी तेल. रोज रात्री. लिंबू झोंबायचं, पण शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, "झोंबतंय म्हणजे काम करतंय." महिनाभराने टाचा वरवर गुळगुळीत दिसत होत्या आणि भेगा मात्र अधिक खोल गेल्या होत्या.

लिंबामागचा विचार अगदीच चुकीचा नाही, हे मुद्दाम नोंदवते. सौम्य आम्लं मृत कातडीच्या पेशींमधला चिकटपणा सैल करतात. टाचांसाठीच्या मलमांत लॅक्टिक आम्ल घालतात ते त्यासाठीच. पण लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) 2 च्या आसपास असतो, कातडीचा साधारण 5. न फाटलेल्या जाड कातडीला तो सोसेल, उघड्या चिरेत तो जिवंत मांसाला जाळतो. कडक पाण्याने कातडीतली उरलीसुरली स्निग्धता निघून जाते. आणि कोरड्या कातडीवर वज्री चालवली की मृत थराबरोबर त्याखालचाही ओरबाडला जातो. रोजच्या घर्षणाला तळवा उत्तर देतो ते आणखी जाड कातडी तयार करून. बाई रात्री जितकं काढत होत्या, त्यांचे पाय तितकंच परत धरत होते.

समोरचे पर्याय

हे सगळं थांबवायचं, यावर घरात एकमत झालं. पुढे काय, यावर झालं नाही.

बाईंचा आग्रह होता की जे करायचं ते नैसर्गिकच हवं. आयुष्यभर त्यांनी तेच वापरलं होतं आणि रासायनिक मलमांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्या यजमानांचं म्हणणं, जखम उघडी ठेवावी, हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी. मुलगी विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. तिने युरिया असलेलं मलम सुचवलं आणि बाईंनी ते नावावरूनच नाकारलं.

युरियाचा इतिहास मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. तो आपल्याच शरीरात तयार होतो आणि कातडीच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवणाऱ्या घटकांपैकी एक आहे. फ्रीडरिश व्होलर यांनी 1828 मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला आणि सजीवांतले पदार्थ फक्त सजीवच बनवू शकतात या समजुतीला तडा जाऊ लागला. साधारण 10 टक्के युरिया ओलावा धरतो, 20 टक्क्यांच्या पुढे तो जाड कातडी सैल करतो. उघड्या भेगेत मात्र तोही झोंबतो. त्यामुळे बाईंचा नकार कारणाने चुकीचा असला, तरी त्या घडीला त्यांचं काही बिघडलं नाही.

हवा लागू देण्याचा मुद्दा मात्र घरात बराच वेळ चालला. कारण तो पटण्यासारखा वाटतो. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या उथळ जखमांचा अभ्यास करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर वाळलेल्या जखमेपेक्षा लवकर नवी कातडी धरते. खपलीखालून पेशींना वाट काढत सरकावं लागतं, ओलसर पृष्ठभागावरून त्या सहज सरकतात. टाचेवर तर खपली टिकतच नाही, कारण प्रत्येक पावलाला भेगेच्या कडा उघडतात आणि मिटतात. मुलीने हे वडिलांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "बरं, मग झाका. पण पू दिसला तर माझं ऐकायचं."

मधाचाही विचार झाला. त्यात पाणी फार कमी आणि साखर खूप, त्यामुळे जंतूंना तो मानवत नाही. पण जखमांसाठी वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नव्हे. ताज्या कोरफडीचा गर बाईंनी एकदा लावला होता. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो, तो नीट निथळू न दिल्याने खाज सुटली आणि त्यांनी तो सोडला. हळदीवरून वाद झाला नाही. ती लावून मोजे घातले की मोजे आणि चादर दोन्ही पिवळे होतात, एवढ्यावरच ती बाजूला पडली.

उरले दोन पर्याय. एक म्हणजे खोबरेल तेल आणि मधमाशीचं मेण यांचं घरी केलेलं मलम. दुसरा, साधी पेट्रोलियम जेली. पहिला बाईंना पसंत, दुसरा मुलीला.

पहिला निर्णय: आधी रक्त तपासायचं

मलमाची भांडी निघण्याआधी मुलीने एक गोष्ट अडवून धरली. बाईंच्या आईला मधुमेह होता. मधुमेहात पायांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात, घाम कमी येऊन कातडी कोरडी पडते आणि भेगेतून शिरलेला संसर्ग कळायलाच उशीर होतो. अशा पायाला कडक पाणी किंवा वज्री लावणं धोक्याचं असतं, कारण भाजलं, कापलं तरी जाणवत नाही.

बाईंनी प्रयोगशाळेत जाऊन रक्त दिलं. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी, 5.9 टक्के आली. 5.7 ते 6.4 ही मधुमेहपूर्व पातळी, 6.5 पासून मधुमेह. "म्हणजे नाहीये मला," असं म्हणून बाईंनी कागद कपाटात ठेवला. तपासणीचा निर्णय उत्तम होता. कागद डॉक्टरांना न दाखवण्याचा निर्णय पुढे महागात पडला, कारण तो दाखवायला गेल्या असत्या तर त्याच दिवशी कोणीतरी त्यांचे पायही पाहिले असते.

दुसरा निर्णय: दोन टाचा, दोन मलमं

नैसर्गिक की नाही, हा वाद मुलीने वेगळ्या रीतीने मिटवला. "आई, उजव्या टाचेला जेली लावू, डाव्याला तुझं मलम. बाकी सगळं दोन्ही पायांना सारखं. तीन आठवडे बघू." बाई तयार झाल्या. माणूस तोच, चालणं तेच, हवा तीच, त्यामुळे तुलना सरळ होईल असं दोघींनाही वाटलं.

काय काय केलं

मलम असं केलं: एक भाग किसलेलं मेण, चार भाग खोबरेल तेल. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून भांडं थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलं. कोरड्या, स्वच्छ डबीत ओतून पूर्ण थंड होऊ दिलं. यात पाणी अजिबात नसल्याने ते टिकतं, मात्र ओलं बोट घातलं की बुरा येऊ शकतो. त्यासाठी छोटा कोरडा चमचा डबीतच ठेवला. तेलात मेण मिसळण्याचं कारण साधं आहे. नुसतं खोबरेल पायाच्या उष्णतेने पातळ होऊन मोज्यात उतरतं, मेणामुळे ते टाचेवर टिकून राहतं. वितळलेलं मेण गरम असतानाच भेगेत भरायचा एक जुना उपाय बाईंना माहीत होता. तो करू दिला नाही, भाजण्याची भीती असते.

रात्रीचा क्रम दोन्ही पायांना सारखा ठरला. कोमट पाण्यात दहा ते पंधरा मिनिटं, साबण नाही, मीठ नाही, लिंबू नाही. पाणी किती कोमट, हे पायाने नाही तर कोपराने पाहायचं. पहिला आठवडाभर घासणं पूर्ण बंद. रक्त येणाऱ्या भेगांच्या आसपास टाच घासायचा दगड लावायचाच नाही, हे ठरलं. दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, ओल्या टाचेवर प्यूमिस दगड, एकाच दिशेने, हलक्या हाताने, फक्त जाड कडेवर. कातडी गुलाबी दिसू लागायच्या आत थांबायचं. दगड धुऊन वाळवायचा आणि दुसऱ्या कोणी वापरायचा नाही.

पाय टिपून घेतल्यावर, कातडी अजून दमट असतानाच, ग्लिसरीन. दुप्पट पाण्यात मिसळून, रोज तेवढंच ताजं. ग्लिसरीन पाणी खेचून धरतं, पण ते पाणी वरून उडून जाऊ नये म्हणून त्यावर झाकण लागतं, आणि जेली किंवा मेणाचं मलम हेच ते झाकण. हा क्रम उलटा केला तर उपयोग होत नाही. बाई इतकी वर्षं कोरड्या टाचेला तेल चोळत होत्या. त्यात आत अडकवून ठेवायला पाणीच नव्हतं.

तीन खोल भेगांच्या कडा जवळ आणून त्यांवर आडवी चिकटपट्टी लावली, दिवसा चालताना त्या उघडू नयेत म्हणून. रात्री सुती मोजे. लावलेल्या पायांनी मोज्याशिवाय फरशीवर उतरायचं नाही, ही सूचना यजमानांची. ती अगदी योग्य होती. तेलकट पायांनी घसरून पडणं ही किरकोळ गोष्ट नाही.

आणि चपला. इथे बाई अडल्या. बंद बूट शाळेत नको वाटायचे, पाय गुदमरतात म्हणायच्या. तडजोड झाली ती मागून पट्टा असलेल्या, टाचेला कप असलेल्या सँडलवर. घरातही मऊ तळाची सपाता. माझ्या मते सगळ्या उपायांत सर्वांत जास्त काम या एका बदलाने केलं, कारण दाब आणि पसरणं हे दोन्ही त्यानेच कमी झालं.

तिसऱ्या आठवड्याचा निकाल

उजवी टाच सुधारली. रक्त थांबलं, दोन भेगा मिटल्या, तिसरीची नुसती रेघ उरली. डावीवर खोल भेग नव्हतीच फारशी, पण तिच्यावरचा पांढुरका कोंडा हटेना. कडेने नव्या बारीक चिरा दिसत होत्या.

मुलीने निष्कर्ष काढला: जेली जिंकली. बाई हिरमुसल्या. नैसर्गिक म्हणून जे मनापासून केलं, तेच कमी पडलं असं त्यांना वाटलं. काकूंनी त्याच दिवशी स्वतःच्या घरातली अर्धी वापरलेली मलमाची नळी आणून दिली, "कुठल्याही खाजेवर चालते" म्हणून. मुलीने वेष्टनावरची घटकांची यादी वाचली. त्यात स्टिरॉइड होतं. आपला त्रास कशाचा आहे हे माहीत नसताना असं मलम लावू नये. त्याने खाज आणि लाली दबते, पण त्रास बुरशीचा असेल तर आतून ती पसरत राहते आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड होतं. नळी परत गेली. या प्रकरणातला हा सर्वांत शांतपणे घेतलेला आणि सर्वांत उपयोगी निर्णय होता.

तिसरा निर्णय: मलमांची अदलाबदल

डाव्या पायालाही जेली लावून प्रकरण संपवावं, असं बाईंना वाटत होतं. मुलीने मात्र दोन्ही मलमांची अदलाबदल करायची ठरवली. उजव्याला मेणाचं मलम, डाव्याला जेली. तिचा तर्क असा की जेली खरंच सरस असेल, तर आता डावा सुधारेल आणि उजवा मागे जाईल.

दहा-बारा दिवसांत जे दिसलं त्याने दोघींचा अंदाज मोडला. उजवी टाच मेणाच्या मलमावरही तितकीच छान राहिली, उरलेली रेघही भरली. डावी जेलीवरही जिथल्या तिथे. म्हणजे फरक मलमांत नव्हताच, तो पायांत होता.

मग पहिल्यांदा डावा पाय भर उजेडात, टाचेपलीकडे जाऊन पाहिला गेला. कोंडा फक्त टाचेवर नव्हता, तळव्याच्या कडेने बोटांपर्यंत गेला होता आणि कातडीच्या बारीक रेषांमध्ये पीठ भरल्यासारखा दिसत होता. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी आणि ओलसर. अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं होतं. काही वर्षांपूर्वी त्यावर जड वस्तू पडली होती, त्यामुळे ते तसंच आहे असं सगळे धरून चालले होते.

डॉक्टरांकडे

त्वचारोगतज्ज्ञांनी डाव्या तळव्यावरचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी होती. तळव्यावर ती पुष्कळदा अशीच येते: लाली नाही, फारशी खाज नाही, नुसता कोरडेपणा आणि कोंडा. त्यामुळे वर्षानुवर्षं ती कोरडी कातडी म्हणूनच खपते. एका पायाला किंवा एकाला जास्त असणं, ही तिची एक खूण. दोन्ही पाय आणि एकच तळहात असाही तिचा एक प्रकार असतो, म्हणून डॉक्टरांनी बाईंचे हातही पाहिले. ते स्वच्छ होते.

त्यांनी पायांची संवेदनाही तपासली, नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून. ती शाबूत निघाली. पायांतली नाडी व्यवस्थित होती. कपाटातला कागद पाहून मात्र त्यांनी बाईंना बसवून घेतलं. 5.9 म्हणजे 'नाही' असं नव्हे, आहार आणि चालणं आता सुधारायचं आणि तपासणी दर वर्षी करायची. थायरॉइडही बघून घेतलं, कारण ते मंद झालं तरी सर्वांग कोरडं पडतं. ते ठीक होतं.

उपचार असा: तळव्याला आणि बेचक्यांना बुरशीविरोधी मलम, टाच बरी दिसू लागल्यावरही काही काळ चालू ठेवायचं. नखासाठी यकृताची रक्ततपासणी करून गोळ्यांचा 12 आठवड्यांचा कोर्स. रात्रीचा क्रम बंद केला नाही, त्यात दोन बदल केले. बेचक्यांत कोणतंही तेलकट मलम नाही, ती पुसून पूर्ण कोरडी ठेवायची. आणि मोजे रोज बदलून गरम पाण्यात धुवायचे. आधीच्या आठवड्यांत अख्ख्या पायाला मलम चोपडून त्यावर मोजा चढवला जात होता. ओल आणि ऊब बुरशीला मानवते, त्यामुळे चिखल्यांना तो क्रम उलट पोसतच होता.

निष्पत्ती

उजवी टाच त्यानंतर फाटली नाही. डावीचा कोंडा साधारण महिन्यात गेला आणि बारीक चिरा त्यानंतर लवकरच भरल्या. नख अजून पूर्ण बदललेलं नाही. पायाच्या अंगठ्याचं नख संपूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि गोळ्या थांबल्यावरही ते हळूहळू पुढे सरकत राहतं. मुळाकडून निरोगी भाग पुढे येताना फोटोंत दिसतो आहे.

बाई आता मेणाचंच मलम वापरतात. ते कमी पडलं नव्हतं, हे कळल्याचं त्यांना मोठं समाधान वाटलं. खोल भेगा भरून निघाल्यावर जाड कडेसाठी आठवड्यातून काही दिवस 10 टक्के युरियाचं मलमही त्यांनी स्वतःहून सुरू केलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी दोन्ही पाय पूर्ण पाहायला हवे होते. टाचेला भेग पडली की आपण टाचच पाहतो. पाच मिनिटं भर उजेडात बसून बेचकी, नखं, तळव्याची कड आणि दोन्ही तळहात पाहिले असते, तर नख आणि चिखल्या तेव्हाच दिसल्या असत्या. दोन्ही पायांत फरक आहे का, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. कोरडी हवा, वय, फरशी, चपला ही सगळी कारणं दोन्ही टाचांना सारखी लागू होतात. एकच पाय वेगळा वागत असेल, तर त्या पायापुरतं काहीतरी वेगळं असण्याची शक्यता धरावी.

डाव्या-उजव्याची तुलना करण्याची कल्पना मला मनापासून आवडली. तिच्यात एकच कच्चा दुवा होता. दोन्ही पाय मुळात सारखे आहेत हे गृहीत धरलं होतं, तपासलं नव्हतं. अदलाबदल झाली नसती, तर बाईंनी एक चांगला उपाय सोडला असता आणि बुरशी घेऊन जेली लावत राहिल्या असत्या. घरी कोणी अशी तुलना करणार असेल, तर काही दिवसांनी बाजू बदलल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

रक्ताचा अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जायला हवं होतं, हे वर आलंच आहे. आणखी एक: प्यूमिस दगड हातात घेण्याआधी संवेदना तपासायला हवी होती. बाईंची शाबूत निघाली, पण ती शाबूत आहे हे त्या आठवड्यांत कोणालाच माहीत नव्हतं. घरात मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा लागलेलं कळत नसेल, तर घरगुती उपाय सुरू करण्याआधीच पाय दाखवावेत. भेगेभोवती लाली पसरणं, गरम लागणं, सूज, पू, ताप, यांपैकी काहीही दिसलं तर मलम कोणतं हा प्रश्नच उरत नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि हे काही नसलं, तरी नीट क्रम पाळून तीन-चार आठवड्यांत टाच बदलत नसेल, तर मलम बदलत बसू नये, निदान करून घ्यावं. वरचा थर नवा व्हायला तेवढा वेळ लागतोच, त्यामुळे आठवड्याभरात निराश होण्याचंही कारण नाही.

चपलांचा बदल मात्र पहिल्या दिवशीच करायला हवा होता. तो पुढे ढकलला गेला, कारण तो उपाय वाटत नाही. डबीत भरून ठेवता येत नाही, रात्री चोळता येत नाही. पण बाईंच्या वहीतल्या नोंदी पाहिल्या तर उजव्या टाचेचं रक्त थांबलं ते नवी सँडल घातल्याच्या चौथ्या दिवशी, आणि त्याआधीचे आठ दिवस मलम, मोजे, ग्लिसरीन सगळं तेच होतं.